तीन जावांचे मार्क

मी आयुष्यात एकही डोंगर चढले नाही. सोलापुरात चढायला डोंगर आहे कुठे? तरीही गेली काही वर्षं मी डोंगर चढणाऱ्यांच्या जॅकेटांना मार्क देते. जॅकेटांना म्हणजे ती विकणाऱ्या परदेशी कंपन्यांना. निसर्गाची खरी चाड कोणाला आहे आणि कोण नुसतं हिरव्या शाईत छापतंय, याची तुलना करायची, तक्ता भरायचा आणि पुण्याच्या ऑफिसला पाठवायचा. तिथून तो परदेशात जातो आणि तिकडे या कंपन्यांचे पहिले-दुसरे नंबर जाहीर होतात. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर एका ओळखीतून हे काम मिळालं. बाहेर बेचाळीस अंश तापमान, डोक्यावर पंखा खडखडतोय आणि मी बदकाच्या पिसांची ऊब किती नैतिक आहे ते तपासतेय, हे चित्र मला सुरुवातीला फार विनोदी वाटायचं. सांगायला कोणी असतं तर हसलोही असतो.

कंपन्यांची नावं कुठे बोलायची नाहीत असा करार आहे. म्हणून मी त्यांना थोरली, मधली आणि धाकटी अशा तीन जावा करून टाकलं. मला सासर नाही, लग्नच केलं नाही, त्यामुळे जावांची हौस अशी भागवून घेतली. थोरलीचा अहवाल लग्नाच्या अल्बमसारखा. पानोपानी बर्फाची शिखरं आणि त्यांच्याकडे बघणारी गालावर लाली आलेली माणसं. तिची सगळी वचनं अशा सालांसाठी, की तेव्हा हिशेब विचारायला मी नसेन. मधली तोंड मिटून असते. काहीही विचारा, ‘धोरण आहे’ किंवा ‘प्रक्रिया सुरू आहे’. कापडावरून पाणी निथळावं म्हणून जे रसायन लावतात, जे मातीत काही केल्या विरत नाही, ते तुम्ही बंद केलं का, असं विचारलं तरी तिची प्रक्रिया सुरूच. धाकटी कंपनी लहान. तिचा अहवाल पातळ, फोटो थोडे. पण शेवटी एक पान असायचं: या वर्षी आमचं काय चुकलं. असं पान बाकी कोणाकडे नव्हतं. मला धाकटी आवडायची, हे कबूल करते.

एका वर्षी त्या पानावर होतं की भारतातल्या त्यांच्या एका रंगाईच्या कारखान्यात पाइपाचा सांधा सुटला आणि रंगाचं पाणी चार दिवस नाल्यात गेलं. तिथल्याच प्रयोगशाळेनं ते पकडलं, काम थांबवलं, दुरुस्ती केली. माझ्या तक्त्यात रकाना आहे: वर्षभरात उल्लंघन झालं का, होय की नाही. मी ‘होय’ दाबलं आणि संगणकानं आठ मार्क आपणहून कापले. मधलीनं आपल्या उल्लंघनांबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. पुरावा नसेल तर ‘नाही’ धरायचं, अशी सूचना आहे. मधली आणि थोरली वर सरकल्या, पहिल्या नंबरावरची धाकटी तिसरी झाली. मला जरा चुटपुट लागली. मग मी चहा घेतला आणि पुढचा रकाना भरला: कारखान्यांची यादी जाहीर केली आहे का? धाकटीनं केली होती. मी ‘होय’ दाबलं. यादी उघडून पाहिली नाही, कारण रकान्यात तसं विचारलं नव्हतं.

माझे दिवस कसे जायचे ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आई गेल्यापासून विजापूर रोडच्या तीन खोल्यांत मी एकटी. चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येतं, तेवढ्या दिवशी जिन्यात बोलणं होतं: आलं का, जोर आहे का, मोटर लावली का. बाकीचे दिवस तोंड उघडायचं कारण पडत नाही. एकदा भाजीवाल्याला ‘मेथी’ म्हणताना आवाज फुटेना, तेव्हा लक्षात आलं की दोन दिवसांत आपण एकही शब्द बोललेलो नाही. मला एकटेपणाची सवय आहे, असं मी लोकांना सांगते. ते खोटं आहे. एका माणसापुरती भाकरी थापताना मला रोज वाईट वाटतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात मी बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेले होते. जिवंत आहोत हे अंगठा लावून सिद्ध करायचं. रांगेत मागून कोणीतरी म्हणालं, “मॅडम, तुमी माझं जर्नल फाडलं होतं की वो!”

वळून पाहिलं तर पस्तिशीची बाई, हसत होती. माझी विद्यार्थिनी. घर विणकरांचं, घरातलं बोलणं तेलुगूतलं, पण मराठी अस्सल सोलापुरी. जर्नल मी पुष्कळांची फाडली आहेत. प्रॅक्टिकलला मुलं वरच्या वर्गातल्यांना खरं उत्तर विचारून घ्यायची आणि त्यावरून उलटं गणित करून ब्युरेटचं रीडिंग लिहायची. तीनही रीडिंग तंतोतंत सारखी. मला ते बघितलं की संताप यायचा. रीडिंग चुकलं तरी चालेल, पण आलंय ते लिही आणि का चुकलं ते खाली सांग, पूर्ण मार्क देते, असा माझा खाक्या होता. कॉलेजात त्यावरून माझी टवाळीही व्हायची.

“राग आहे का अजून?” मी विचारलं.

“छे वो. त्याच्यावरच तर पोट चाललंय.” ती एमआयडीसीत एका रंगाईच्या कारखान्यात प्रयोगशाळा बघत होती.

तिला गुरुवारी सुट्टी. ती एका गुरुवारी आली, मग दुसऱ्या, मग येतच राहिली. आधी शेंगाचटणी घेऊन यायची, पुढे हात हलवत. घरची धुसफूस, सुपरवायझरची नक्कल, मुलीचं गणित, सगळं तिच्याकडे होतं. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसायचं, म्हणून मी आठवडाभर गोष्टी जमवून ठेवायचे: जिन्यातलं भांडण, पेपरातली बातमी. गुरुवारी सकाळी दोन माणसांचं पीठ मळताना मी गुणगुणायचे. माझ्या कामाबद्दल तिला सांगितलं नाही. करार होताच, पण खरं कारण वेगळं होतं. तिच्यापुरती नुसती मॅडम असणं मला सुखाचं वाटत होतं.

जानेवारीतल्या एका गुरुवारी ती रागानंच आली. चपला काढता काढता सुरू झाली.

“मॅडम, मागच्या साली आमच्याकडं पाइपाचा जॉइंट सुटला. रंगाचं पाणी चार दिवस नाल्यात. मीच धरलं ते, नमुन्यात रंग दिसला म्हणून. सायबाला सांगितलं, कागदावर लिहिलं. ज्या बाहेरच्या कंपनीचं कापड आमी रंगवतो, तिनं पण जसंच्या तसं छापलं. आणि तिकडं कुणीतरी तिचे मार्क कापले! नंबर खाली गेला, आता माल कमी देतेत आमाला.”

“कोणी कापले?” मी विचारलं.

“काय म्हाइत. असंल कोण तरी गोरा माणूस, एसीत बसलेला. त्याला नाला कुटं म्हाइत हाय?”

मी तिला विचारलं, अजून चहा टाकू का.

ती गेल्यावर मी धाकटीची यादी उघडली. तिसऱ्या पानावर होतं: जॅकेटाच्या खिशाचं सुती अस्तर, रंगाई, सोलापूर. माझ्या घरापासून रिक्षानं जेमतेम अर्ध्या तासावर. जगाच्या टोकावरच्या बर्फात कोणीतरी गारठलेला हात ज्या खिशात घालत असेल, त्याचा रंग माझ्या विद्यार्थिनीनं तपासलेला होता. तिनं माझं ऐकलं होतं, रीडिंग आलं तसं लिहिलं होतं. आणि पूर्ण मार्क द्यायचं कबूल केलेल्या बाईनं तिचे आठ कापले होते. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पुण्याला मी लांबलचक मेल लिहिली. चूक सांगणाऱ्याला शिक्षा आणि गप्प बसणाऱ्याला बक्षीस, ही कसली तुलना? उत्तर गोड आलं. नियम सगळ्यांना सारखे आहेत, पुढच्या फेरीत विचार करू. तिला मात्र मी काही सांगितलं नाही. दर गुरुवारी ठरवायचे, आज सांगू. ती यायची, मांडी घालून बसायची, बोलायला लागायची आणि मी पुढच्या गुरुवारवर ढकलायचे.

मेच्या शेवटी ती सोमवारीच आली, कामावरून परस्पर. पाणीसुद्धा घेतलं नाही. रंगाचं पाणी साफ करायच्या टाकीची मोटर जळली होती. माल तर निघायला हवा, म्हणून कोणीतरी हातानं व्हॉल्व्ह उघडून दिला. दोन दिवस पाणी तसंच नाल्यात. हिनं ते पकडलं.

“सायब म्हनतेत, या बारीला ‘काही न्हाय’ असं लिही. मागच्या बारीला खरं लिहून काय मिळालं? मेल मीच करते कंपनीला. माझ्याच हातात हाय ते.” ती माझ्याकडे बघत होती. “तुमी सांगा, मॅडम. तुमी म्हणाल तसं करते.”

लिही म्हणावं, तर मार्क कापणारा हात माझाच. लिहू नको म्हणावं, तर मी इतकी वर्षं वर्गात उभी तरी कशाला राहिले? आणि खरं सांगावं, तर गुरुवार संपले. ते मला त्या क्षणी लख्ख दिसत होतं. माझा जीव त्या गुरुवारांत अडकला होता.

“तो गोरा माणूस मी आहे,” मी म्हणाले.

ती हसली. मी लॅपटॉप आणून तक्ता समोर ठेवला. तिनं चष्मा लावून सावकाश वाचलं.

“हे ‘होय’ तुमी दाबलं?”

“हो.”

“माझं हाय हे म्हाइत नव्हतं तुमाला?”

“नव्हतं. मी यादी उघडलीच नाही.”

“आणि कळल्यावर?”

“कळल्यावर पाच महिने तुला चहा पाजला.”

आदल्या दिवशीची एक कपबशी मोरीत पडली होती, ती तिनं धुतली आणि पालथी घातली. का, कोण जाणे. हाताला काहीतरी हवं असेल. दारात चपला घालताना तिनं विचारलं, “मग लिहू का नको?”

“जे आलंय ते लिही.”

“आणि तुमी काय करणार?”

ती जिना उतरून गेली.

त्या गुरुवारी ती आली नाही, पुढच्याही नाही. मी एकदा फोन केला, तो वाजत राहिला. पुन्हा करायची हिंमत झाली नाही. काही गुरुवार मी पीठ दोघींचंच मळत होते, मग तेही सुटलं. तीन खोल्या पूर्वीही एवढ्याच होत्या, पण आता त्यांत कोणी नाही हे फार कळायला लागलं.

पुढे नव्या वर्षाचे अहवाल आले. थोरलीच्या मुखपृष्ठावर नवं शिखर, मधलीची प्रक्रिया अजून सुरू. धाकटीचा अहवाल मी उलटा उघडला. शेवटचं पान होतं. दोन दिवस. व्हॉल्व्ह हातानं उघडला गेला. प्रयोगशाळेच्या नमुन्यात आढळलं. खाली का चुकलं याची चार ओळींची कारणं होती, मोटर जुनी असल्यापासून जादा मोटर ठेवलेली नसल्यापर्यंत. इंग्रजी त्या कंपनीचं होतं, पण मांडणी मी ओळखली. ती मीच शिकवलेली होती. मी ते पान मोठ्यानं वाचलं. तिच्याकडून मला एवढंच आलं होतं, आणि तेही मला उद्देशून नव्हतं.

मग उल्लंघनाचा रकाना आला. मी ‘नाही’ दाबू शकले असते. पुण्यात कोणी शेवटचं पान उघडत नाही, मला ते ठाऊक होतं. धाकटी पहिली आली असती, कापड वाढलं असतं, कदाचित एखाद्या गुरुवारी बेलही वाजली असती. पण पाणी नाल्यात गेलं होतं. तिनं साहेबाच्या विरोधात जाऊन, नोकरी पणाला लावून ते लिहिलं होतं. ते मी खोडायचं, तेही तिच्याच भल्याचं नाव करून? मी ‘होय’ दाबलं. आठ मार्क गेले. शेरा लिहायच्या जागेत मी जागा संपेपर्यंत लिहिलं, की या तिघींत विश्वास ठेवावा अशी ही एकच आहे. त्या शेऱ्याला मार्क नसतात. निकाल लागला, तेव्हा धाकटी पुन्हा तिसरी.

मागच्या वेळी मार्क कोणी कापले हे तिला माहीत नव्हतं. या वेळी माहीत आहे.