चाकावरचा ब्रेक

मेस्त्रींची हयात घोडागाड्या बनवण्यात गेली. त्यांनी बसवलेलं चाक कधी कुरकुरत नाही, असा त्यांचा लौकिक होता. पुढे कारखान्याच्या मालकाने बाहेरून एक इंजिन मागवलं आणि माल वाहणारी मोटार बनवायला काढली. इंजिन परकं, पण सांगाडा, चाकं, हौदा सगळं लाकडाचं. म्हणजे मेस्त्रींचंच.

गाडी दिसायला ओबडधोबड. इंजिन चालकाच्या बैठकीखाली, त्यामुळे बूड भाजायचं. समोर काच नाही, बाजूला दार नाही. चाकांवर भरीव रबर, म्हणून प्रत्येक खड्डा थेट मणक्यात. इंजिनाचा जोर दोन साखळ्यांनी मागच्या चाकांना पोचायचा. "घोडा पोटात आणि शेपट्या दोन," असं म्हणून मेस्त्री स्वतःच हसत.

ती चालवायला त्यांचा जावई पुढे आला. आधी तो घोडागाडीच हाकायचा. लगाम सोडून मोटार वळवायचं चाक हातात धरलं, याचं त्याला भारी कौतुक.

एकदा गाडीखाली आडवं होऊन फळ्या ठोकताना मेस्त्रींच्या मनात पाल चुकचुकली. ब्रेक चाकांवर नव्हताच. साखळ्या जिथून निघतात त्या दांड्यावर होता; एक साखळी तुटली की दुसरीही निकामी. इंजिन जोडायला मालकाने ठेवलेल्या इंजिनवाल्याला त्यांनी विचारलं, "साखळी तुटली तर चाकांना धरणार कोण?"

"पोलाद आहे ते, मेस्त्री. तुम्ही आपलं लाकडाचं बघा."

शिकलेल्या माणसापुढे काय बोलायचं, म्हणून मेस्त्री पुन्हा फळ्या ठोकू लागले.

सात महिन्यांनी वीटभट्टीच्या उतारावर भरल्या गाडीची साखळी तुटली. जावयाला उडी मारता आली असती, दार नव्हतंच. पण खाली नळावर बायका पाणी भरत होत्या. त्याने गाडी दगडी भिंतीवर घातली. मागच्या विटा त्याच्या अंगावर आल्या आणि तो जागीच गेला.

लेकीने काही दिवसांनी विचारलं, "बाबा, तुम्हाला हे आधी कळलं होतं?"

खोटं बोलायला जीभ रेटेना. "हो. एकदा विचारलं होतं. दुसऱ्यांदा नाही विचारलं."

ती उठून आत गेली आणि त्या दिवसापासून तिने माहेर तोडलं.

मेस्त्री कामावर परतले तेव्हा दुसरी गाडी तयार होत होती. त्यांनी चाकं चढवायला साफ नकार दिला. "आधी चाकांवर ब्रेक. नाहीतर दुसरा सुतार बघा." मालक तडकला. पण इंजिनवाला खाली मान घालून आला आणि त्यांच्याशेजारी मापं घेत बसला. मागच्या दोन्ही चाकांना ब्रेकचे लोखंडी डबे बसले; ब्रेक दाबला की ते थेट चाकालाच धरत.

चाचणीच्या दिवशी मेस्त्रींनी दोन्ही साखळ्या आपल्या हाताने काढल्या, कोणाचं न ऐकता गाडीत बसले आणि त्याच उतारावर ती सोडली. गाडी अर्ध्यात थांबली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेस्त्री खाली उतरेनात. हातातल्या चाकावर डोकं टेकून ते ढसाढसा रडत होते.

पुढच्या सगळ्या गाड्यांना तसाच ब्रेक लागला. दोन वर्षांनी मेस्त्री आजारी पडले, तेव्हा लेक आली आणि शेवटपर्यंत राहिली. औषध घेतलंत का, ऊन लागतंय का, एवढंच बोलणं व्हायचं. त्या उताराचा विषय दोघांपैकी कोणीच काढला नाही.