वीस कागद

घासू मास्तरांचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. स्वतःचं आवरायला त्यांना अर्धा तास पुरे. पुढचा वेळ नातीचा. पाच वाजता ते ठमीला उठवायचे, स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसवायचे आणि आदल्या दिवशीचा धडा वीस वेळा लिहायला लावायचे. ठमी तिसरीत होती. दोन ओळी सलग वाचणं तिला जमत नव्हतं. वर्षअखेरीपर्यंत हेच राहिलं तर तिला आहे त्याच वर्गात ठेवू, असं शाळेने कळवलं होतं.

पंचवीस वर्षांपूर्वी त्याच टेबलापाशी तिचा बाप बसायचा. त्यालाही वाचता येत नव्हतं, त्यालाही वीस वेळा. आठवीत त्याने शाळा सोडली. आता तो गोदामात पोती उतरवत होता. साडेपाचला तो मुलीच्या पाठीमागून जायचा, दाराशी चपला घालायचा आणि कामावर निघायचा.

मास्तर एका प्रशिक्षण शाळेत लोखंडकाम शिकवायचे. नव्या तुकडीला पहिले तीन महिने फक्त लोखंड घासायची कानस. तुकडा वाइसच्या जबड्यात आवळायचा, घासायचा, काटकोन तपासायचा गुण्या लावून उजेडात धरायचा. मधून उजेड दिसला की परत घासायचा. नाव त्यावरूनच पडलं होतं. मास्तर दातही कानशीनेच घासतात, असं मुलं म्हणायची, आणि ते त्यांच्या कानावर होतं. कानस चालवायला ताकद लागते असं ज्याला वाटतं त्याने ती कधी धरलेली नसते. ती पाय रोवून चालते, आणि ते रोवणं अंगात मुरायला हजारो फेऱ्या जातात. माणसाचंही तसंच, असा मास्तरांचा हिशेब. जमत नाही म्हणजे घासणं कमी पडलं.

त्या वर्षी तुकडीत एक मुलगी होती. वीस-एकवीसची, उंच, विचारल्याशिवाय शब्द न काढणारी. सगळे तिला घुमी म्हणत. हात चांगला होता. पण जॉबकार्डावर, म्हणजे तुकडा कसा करायचा त्या कागदावर, लिहिलेल्या पायऱ्या ती हटकून चुकवायची. आधी कड घासायची आणि मग भोक पाडायचं, तर ही उलट करून बसायची. तिसरा तुकडा बाद झाला तेव्हा मास्तरांनी सगळ्यांसमोर तिला विचारलं, डोळे घरी ठेवून येतेस का. आणि कार्ड वीस वेळा लिहून आणायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिने वीस कागद आणून दिले.

एरवी मास्तरांनी ते कपाटावर टाकले असते. पण त्या दिवशी लोखंड आलेलं नव्हतं आणि हात रिकामे असले की त्यांना करमत नसे. त्यांनी कागद बाकावर ओळीने मांडले, तपासायचे तुकडे मांडतात तसे.

बाद माल बघून काय बिघडलं हे ओळखण्यात त्यांचा जन्म गेला होता. हत्यार खराब असेल तर चूक प्रत्येक तुकड्यात एकाच जागी येते. माणूस आळशी असेल तर पहिले चार बरे येतात आणि पुढे घसरगुंडी लागते. इथे दोन्ही नव्हतं. दर कागदावर चूक वेगळ्या जागी. सातव्यावर नीट आलेला शब्द आठव्यावर मोडलेला. आणि विसावा कागद पहिल्याइतकाच जपून लिहिलेला. पेन्सिल अशी दाबलेली, की मागच्या बाजूने बोट फिरवलं तरी अक्षरं हाताला लागत होती.

मेहनत पुरी होती. त्या बाबतीत मास्तरांना कोणी फसवू शकलं नसतं.

त्यांनी तिला बोलावलं. किती वेळ लागला, विचारलं. ती म्हणाली, काल घरी गेल्यापासून जेवणापर्यंत आणि आज उठल्यापासून निघेपर्यंत. मग जरा थांबून तिने आपणहून सांगितलं, "सर, शब्द ओळख देत नाहीत. काल भेटलेला आज तोंड फिरवतो."

"आणि मी तोंडी सांगितलेलं?"

"ते एकदा पुरतं."

मास्तरांनी कार्ड उलटं ठेवलं. पायऱ्या तोंडी सांगितल्या, प्रत्येक पायरीपर्यंत केलेला एकेक तुकडा बाकावर क्रमाने ठेवला. घुमीने जॉब केला. गुण्याखालून उजेड आला नाही. पुढच्या आठवड्यात तेच नमुने त्यांनी सगळ्या तुकडीसाठी मांडले आणि बाद मालाची पेटी निम्मीही भरेना. सव्वीस वर्षं आपण शिकवत होतो की नुसते तपासत होतो, असं त्यांच्या मनात आलं. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. गार लोखंड फार वेळ धरलं की बोटांचं होतं, तसं आतून झालं होतं.

एका संध्याकाळी घरी येऊन त्यांनी ठमीच्या वह्या टेबलावर मांडल्या. तोच माल, दर पानावर चूक वेगळ्या जागी. मुलाच्या वह्या कधीच रद्दीत गेल्या होत्या. त्या बघायची गरजही नव्हती.

मुलगा गोदामातून आला, मोरीत हात धूत होता. मास्तर दाराशी उभे राहिले.

"उद्यापासून ठमीला पहाटे उठवणार नाही."

"बरं."

"तुझ्या वेळी मला कळलं नाही."

मुलाने नळ बंद केला. "मला कळत होतं, बाबा," तो म्हणाला. "मी आळशी नव्हतो, एवढं कळत होतं." मग त्याने टॉवेल मागितला. मास्तरांनी दिला.

सुनेने ताटं वाढली. दोघे जेवायला बसले.

शाळेतल्या बाईंना मास्तर स्वतः जाऊन भेटले. बाईंनी तपासणी सुचवली. तपासणीत डिस्लेक्सिया निघाला. मुलीची यात चूक नाही, बाई म्हणाल्या, आणि तुमचीही नाही. दुसरं वाक्य मास्तरांनी ऐकून सोडून दिलं. आहे त्या वर्गात ठेवायचं शाळेने रद्द केलं, पण एका अटीवर. अशा मुलांना शिकवणाऱ्या वेगळ्या शिक्षिकेकडे ठमीला आठवड्यातून दोनदा पाठवायचं. फी बेताच्या घराला परवडणारी नव्हती.

मास्तरांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. त्यांनी अर्ज करून दोन वर्षं वाढवून घेतली. गुडघे सुजायचे, तरी बसून कधी शिकवलं नाही. कानस बसून दाखवता येत नाही.

शिक्षिका म्हणाल्या होत्या की मोठ्या माणसांनाही शिकवता येतं. मास्तरांनी घरी ते एकदाच सांगितलं. मुलगा खाली बघून चपलेचा पट्टा लावत होता. "माझे खांदे चालतात अजून," तो म्हणाला. "पोरीचं बघा."

दोन वर्षं, मंगळवार आणि शुक्रवार, चार ते पाच. मास्तरांच्या वाढवून घेतलेल्या नोकरीच्या पगारातून ठमीचे एवढे तास झाले. ठमीची आणि तिच्या बापाची, दोघांची फी भरायची त्यांची तयारी होती.