पार्वताबाईचा चेहरा

चांदूर बाजारात अब्दुल सत्तारचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या साली ठरलेली लग्नं लांबली, काही मोडली, उरली ती देवळात दोन हारांवर उरकली. कॅमेरा कपाटात पडून राहिला.

सत्तारला रिकामं बसवेना. एका सकाळी तो शेजारच्या पार्वताबाईच्या वावरात गेला. कपाशी हिरवीगार उभी होती, पण बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. म्हातारी बोंडामागून बोंड फोडून दाखवत होती.

"तीन डाव फवारलं, बापा! औषधानं माहे डोये सुजले, अळीले काई झालं नाई."

बोलता बोलता तिला रडू फुटलं. सत्तारनं सगळं टिपलं आणि घरी येऊन शेतकऱ्यांसाठीच्या एका ॲपवर चढवलं. त्याआधी इंग्रजीत लांबलचक मजकूर आला, खाली 'मान्य आहे'. त्यानं अंगठा दाबला. हे पाहून कुणीतरी जागं होईल, असं त्याला मनापासून वाटत होतं.

उन्हाळ्यात पार्वताबाई नातीचा मोबाइल घेऊन दुकानाच्या पायरीवर आली. त्यात फवारणीच्या एका औषधाची जाहिरात होती. तीच कपाशी, तेच रडणं. तीन फवारण्यांचं बोलणं मात्र कापलेलं. मागून गोड आवाज सांगत होता, 'वेळेवर फवारलं असतं, तर ही पाळी आली नसती.'

"बजारात लोकं मले आळशी म्हणून रायले. तुनं इकलं काय रे मले?"

"अल्ला कसम मावशी, एक रुपया नाई घेतला."

"मंग फुकटच देऊन टाकलं?"

दुसऱ्या दिवशी सत्तारनं अकोल्याची बस धरली. ॲपवाल्यांच्या ऑफिसातला माणूस सभ्य होता, त्यानं चहाही मागवला.

"व्हिडिओचे मालक तुम्हीच आहात. आमच्याकडे फक्त परवाना आहे. वापरायचा, कापायचा, दुसऱ्याला द्यायचा. तो तुम्हीच दिलाय."

"मालक मी आहो, तं बंद करा ना मंग!"

"तुमच्या पानावरून काढा की. कंपनीला गेलेली प्रत परत येत नाही. आणि त्या बाईंची परवानगी घेतली आहे, हेही तुम्हीच मान्य केलंय. उद्या तक्रार झाली, तर ती तुमच्यावर येईल."

भांडायला गेलेला सत्तार भेदरून बाहेर पडला. आपल्या पानावरचा व्हिडिओ त्यानं बसस्टँडवरच पुसला. जाहिरात चालूच राहिली.

मग तो कॅमेरा घेऊन पार्वताबाईकडे गेला. ती अंगणात मिरच्या निवडत होती.

"मावशी, पुरं बोला आता. फवारण्याचं बी सांगा. मी अखीन टाकतो."

"नाई रे. आता जे बोलीन, ते बी त्यायचंच होईन." तिनं मान वर केली नाही. "तुनं इचारलं असतं, तं मी हो म्हटलं असतं. इचारलं कावून नाई?"

सत्तार कॅमेरा पिशवीत घालून निघाला.

पुढच्या वर्षी तिच्या नातीचं, प्रतीक्षाचं लग्न निघालं. शूटिंगवाला अमरावतीहून आला. सत्तारला जेवणाचं बोलावणं होतं. पार्वताबाईनं त्याला स्वतः आग्रहानं वाढलं. तेवढ्यात तो परका कॅमेरा पंगतीकडे वळला, तशी ती चटकन मागं सरली, पदर पार तोंडावर ओढला आणि कॅमेरेवाला निघून गेला तरी खाली घेतला नाही. सत्तारच्या हातातला घास हातातच राहिला.