कुंडाचा निर्णय घाटकोपरला झाला

लिहायला बसण्याइतकी माझी लायकी नाही, माफ करा. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच, तेही अजून पुरं झालेलं नाही. पण ही गोष्ट आजवर कुणालाच सांगितली नाही — आईलाही नाही.

आमच्या गावी गरम पाण्याचं कुंड आहे. खालच्या वाडीच्या अंघोळी, बाळंतिणी, म्हाताऱ्यांचे गुडघे — सगळं त्याच पाण्यावर. जमिनीतल्या त्या वाफेवर वीज करायची म्हणून कुंडाजवळ खोल भोक पाडायचं घाटत होतं. पण आमच्या गावाचे निर्णय गावात होतात कुठे? देवळाचं छप्पर असो की शिमग्याची पालखी, चाकरमान्यांचं मंडळ घाटकोपरच्या चाळीत बसून ठरवतं. म्हणून वीज कंपनीचा साहेबही तिथेच आला. खालच्या वाडीतून एकटे धाकूआबा आले होते.

साहेबाला मराठी येत नव्हतं. मधे दुभाषा मी. आबा म्हणाले, "बाला, सायबाला इचार. भोक पाडल्यावर आमचं पानी ऱ्हाईल ना रं?"

मी विचारलं. साहेब सरळ बोलला — खात्री देता येत नाही, आधी गावात सभा घ्या, वाडीला विचारा.

आणि मी काय सांगितलं? "साहेब म्हणतात, पाण्याला काही होणार नाही."

का? सगळ्यांना गावात दिवे हवे होते, सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते — एवढंच? की साहेब मला कुठेतरी चिकटवेल ही आशा? तीही होतीच.

आबांची नजर साहेबावर होती. "त्यानं तर न्हाई म्हनून मुंडी हलवली. खोटा बोलतोस तू!"

मी त्यांच्या तोंडावर मारलं. पहिला हात माझा. मग बाकीचे तुटून पडले. "हाणा म्हाताऱ्याला! गावाला अंधारात ठेवतो काय रे?" आबा पडले, तेव्हा मी थांबलो का? बरगडीत लाथ घातली — काहीतरी मोडलेलं पायाला कळलं. तरी दुसरी घातली. साहेब ओरडला, हे काय चाललंय? मी इंग्रजीत म्हणालो, दारू पिऊन आलाय. मग दोघांनी आबांना जिन्यावरून खाली ओढत नेलं, डोकं पायऱ्यांवर आपटत. लादीवरचं रक्त कुणीतरी फडक्याने पुसलं आणि होकाराचे हात वर झाले. माझाही.

परवा गावाहून चुलता आला. म्हणाला, भोक पाडलं, कुंड गार पडलंय. खालची वाडी आबांशी बोलत नाही — सभेला तुम्हीच होतात, तुमच्यादेखत हात वर झाले, म्हणतात. आबा कुणाला काही सांगत नाहीत.