दातिवऱ्याच्या खांबावरचा दोर

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींची टिंगल करणारी बाई. कुणाला पिंपळाखाली बाई दिसली म्हटलं की मी विचारायची, "साडी कुठल्या रंगाची होती हो?" देव मानते, पण तोही बेताचाच. तेव्हा हे वाचून कुणाला "काकू, वयाप्रमाणे होतं असं" म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा... मला कुणाला पटवायचं नाही. आमचे हे गेले, हिराबाय गेली. आता सांगणारी मीच उरले आहे, म्हणून लिहिते.

साठच्या दशकातली गोष्ट. तारापूरला वीजकेंद्राचं काम सुरू झालं होतं आणि बोईसरला कामगारांची रीघ लागली होती. प्रत्येकाला ओळखपत्रासाठी फोटो हवा. म्हणून नाशिककडून येऊन ह्यांनी पालघरला स्टेशनजवळ स्टुडिओ टाकला. फोटो हे काढायचे, रिटचिंग माझ्याकडे. म्हणजे निगेटिव्ह काचेवर ठेवायची, मागून उजेड सोडायचा आणि बारीक टोकाच्या पेन्सिलीनं डाग, ओरखडे भरून काढायचे. निगेटिव्हवर जे मोकळं राहतं ते फोटोत काळं उमटतं. ते भरलं की डाग गायब. देवीचे वण असलेल्या मुलींचे फोटो मी असे साफ करायची की स्थळवाले फसायचे. फार गर्व होता मला त्याचा.

बोईसरला एक इंजिनिअर साहेब राहायचे, त्यांना खांबांचं वेड. हो, खांबांचं. जगभरातल्या खांबांचे फोटो जमवलेले – ग्रीसमधले संगमरवरी, मदुराईकडचे कोरीव, कुठल्याशा वाळवंटात वाऱ्यानं आपोआप घडलेला दगडी सुळका. "खांब कुणीही उभा केलेला असो, तो काहीतरी पेलायला उभा असतो," म्हणायचे. मी मनात म्हणायची, घरी तुमचा संसार कोण पेलतंय ते बघा आधी. पण गिऱ्हाईक चांगलं होतं. त्यांनी ह्यांना आपल्या भागातले खांब टिपायला सांगितले. हे वैतरणेच्या रेल्वेपुलाचे काढून आले, केळव्याकडच्या एका देवळातले लाकडी काढून आले. मग हिराबाय म्हणाली, आमच्या दातिवऱ्याला या, समुद्रातले खांब दाखवते.

हिराबाय आमची मासळीवाली. तिच्या गावाला, खाडीच्या तोंडाशी, डोलजाळी, म्हणजे भरती-ओहोटीच्या ओढीत मासे धरणारी जाळी, बांधायला पाण्यात उंच लाकडी खांब रोवलेले असत. ज्याचा त्याचा खांब ठरलेला. ओहोटीला उंचच उंच दिसायचे, भरती आली की नुसते शेंडे. ह्यांनी होडीतून एक फोटो फार सुंदर काढला – शेजारी शेजारी दोनच खांब, मागे मोकळं आकाश.

पहिली प्रत धुऊन वाळत घातली तेव्हा आम्हाला दोघांनाही दिसलं. दोन्ही खांबांवर, शेंड्यापासून हातभर खाली, काळा आडवा पट्टा होता.

"खांबांवर तर काही नव्हतं," हे म्हणाले. "फिल्मवर ओरखडा गेला असेल. साफ कर, साहेब संध्याकाळी येणारेत."

मला खटकलं. ओरखडा या खांबावरून त्या खांबावर गेला, तर मधल्या आकाशावर नको का उमटायला? पण बसले. उजव्या खांबावरचा पट्टा भरून टाकला. डाव्याला पेन्सिल लावणार, तोच हिराबाय पाटी घेऊन दारात उभी. दोरीवरचा फोटो बघून ती आत आली.

"हा आमचा खांब," तिनं डाव्यावर बोट ठेवलं. "नि हा दिराचा, धर्माचा. पन वयनी, एवढ्या वर दोर कुनी बांधला? जाल्याचा दोर तर खाली असतो, पान्यात."

"दोर कुठला, डाग आहे तो. पुसतेय मी."

"माजा जलम गेला दोर बघन्यात. दोन येढे हायेत, वर गाठ हाय." तिचा चेहरा उतरला होता. "पुसू नका. दुसऱ्याच्या खांबाचा दोर आमच्यात कोन सोडत नाय. जालं वाहून गेलं तरी सोडत नाय."

मी हसले. "बरं बाई, नाही सोडत," म्हटलं आणि पेन्सिल खाली ठेवली. एक आधीच भरून झालाय हे सांगण्यासारखं काही वाटलंच नाही तेव्हा. तिला तो फोटो हवा होता, देऊन टाकला. साहेबांना नवी प्रत काढून दिली – उजवा खांब स्वच्छ, डाव्यावर पट्टा. त्यांनी काही विचारलं नाही.

दिवाळी झाल्यावर अवेळी वादळ आलं. हिराबाय बाजाराला येईना. मग कळलं की तिचा नवरा जना आणि दीर धर्मा जाळी सोडवायला गेले होते आणि होडी उलटली. जना वाचला. धर्माचं प्रेत केळव्याच्या किनाऱ्याला लागलं.

आम्ही दोघं भेटायला गेलो. जना ओसरीत भिंतीला टेकून बसला होता, कमरेला दोराचा लाल वळ.

"भरती चढत होती," तो म्हणाला. "धर्माचे हात चालत नव्हते. त्याला मीच बांधला त्याच्या खांबाला, पार वर शेंड्याशी. दोन येढे, वर गाठ. मग माज्या खांबाला येऊन मला बांधला. मी बघत होतो त्याच्याकडं, वयनी. गाठ सुटली नाय, दोर तुटला नाय, नि तो खांबापासून निघाला... जसा दोर नव्हताच."

"लाटेनं वर सरकून निघाला असेल," हे हळूच म्हणाले.

"वर आडवं लाकूड ठोकलंय. निघंल कसा? नि त्याला आनला तवा दोर कमरेलाच होता, गाठीसकट."

ह्यांच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

धर्माचा एकही फोटो घरात नव्हता. त्याच्या बायकोला, पारूला, निदान त्याचा खांब तरी असावा म्हणून ह्यांनी साहेबांना दिली तशीच एक प्रत आणली होती. मला विचारलं असतं तर मी आणू दिली नसती. पारूनं ती घेतली, आत जाऊन हिराबायकडची प्रत आणली आणि दोन्ही जमिनीवर शेजारी ठेवल्या. विशी-बाविशीची पोर. बराच वेळ बघत राहिली.

"हिच्या फोटोत आमच्या खांबाला दोर हाय," ती म्हणाली. "मला दिला त्यात नाय."

हिराबायनं माझ्याकडे पाहिलं – तिला त्या क्षणी कळलं असावं. मग पारूनंही मान वर केली. आवाज चढवला नाही, रडलीही नाही.

"तुमी सोडला?"

मी पदर तोंडाला लावून बाहेर आले.

घरी आल्यावर निगेटिव्ह काढली. कापसाला टर्पेंटाइन लावलं की पेन्सिल निघते. म्हटलं, निदान तिला दोर असलेली प्रत करून देऊ. पेन्सिल निघाली, कापूस काळा झाला. पण खाली पट्टा नव्हता. मोकळी रेघ असायला हवी तिथे खांबाचं लाकूड होतं, त्याच्या शिरांसकट, अगदी अखंड. डाव्या खांबावरचा पट्टा मात्र जसाच्या तसा. मी उजेडाच्या काचेवर डोकं टेकून रडले. भीतीनं की कशानं, ते मला आजही सांगता येणार नाही.

हे शेवटपर्यंत म्हणत राहिले की योगायोग आहे, तू मनाला लावून घेऊ नकोस. असेल योगायोग. पण मग हिराबायच्या प्रतीवर उजव्या खांबाला जे होतं ते काय होतं, आणि निगेटिव्हवरून गेलं कुठे? फोटोग्राफीतल्या दोन-तीन जाणत्या माणसांना ती निगेटिव्ह दाखवली. एकानंही समजेल असं काही सांगितलं नाही. हिराबायनं आपली प्रत पारूला देऊन टाकली, आणि आमच्याकडे मासळी घेऊन यायची ती पुढेही येत राहिली. पण डार्करूमच्या दारापाशी कधी आली नाही.

मला कुणी दोष दिला नाही. पारूनंही दिला नाही, तिनं फक्त विचारलं. एवढी वर्षं झाली... तिला "नाही" म्हणायला माझी जीभ अजून उचलत नाही.