मुलगी बोलत नाही म्हणे

शाळेचा ईमेल आला तेव्हा मी रात्रपाळी करून नुकताच घरी आलो होतो. बूट काढता काढता वाचला. आपल्या पाल्याला पहिलीत प्रवेश देता येत नाही, कारण मुलाखतीत मुलीने एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नाही. आक्षेप असल्यास आठवड्याच्या आत लेखी अपील करावे.

बायकोला वाचून दाखवला. ती पोळी लाटत होती, ती थांबली.

"कुणाच्या मुलीने?"

"आपल्या."

"अहो, नीट बघा. दुसऱ्या कुणाचा चुकून आला असेल."

तिचा संशय रास्त होता. इथे कुवेतला, खैतानमध्ये, आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर मुलगी नर्सरीत जायची, आणि तिथून एकच तक्रार कायम असायची: फार बोलते, दुसऱ्या मुलांना बोलू देत नाही. मुलीला जवळ घेऊन विचारलं, तर ती म्हणाली, "आय टोल्ड एव्हरीथिंग, बाबा." नाव सांगितलं, रंग सांगितले, कवितासुद्धा म्हटली. मुलाखतीच्या वेळी आम्हाला बाहेर बाकावर बसवलं होतं, त्यामुळे खरं कोण आणि खोटं कोण, कळायला मार्ग नव्हता. मी अर्थातच मुलीच्या बाजूने होतो.

प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. नर्सरी संपली होती. आसपासच्या बाकीच्या शाळा भरल्या होत्या. इथे जागा मिळाली नाही तर बायको आणि मुलगी गावी, सिंधुदुर्गात जाणार, आणि मी परत बॅचलर. कुवेतमध्ये बॅचलर म्हणजे लग्न न झालेला माणूस नव्हे. ज्याचं कुटुंब गावी आहे तो. सहा जणांच्या खोलीत एक पलंग आणि मुलीचा चेहरा फोनवर. ते मी बरीच वर्षं काढलं होतं. परत काढायचं नव्हतं.

शुक्रवारी माझा एक गाववाला जेवायला आला. तो शुवैखला गॅरेजमध्ये डेंटिंगचं काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे बांगडे खातो. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "वास्ता आसा काय रे तुझो?"

वास्ता म्हणजे वशिला. इथे आलेला माणूस आधी हा शब्द शिकतो आणि मग पाणी मागायला शिकतो.

"माझी डिग्री हाच माझा वास्ता," मी म्हणालो.

"तुझ्या डिग्रीक शाळेच्या गेटार कोण इचारता? माझ्या मालकाक सांगून बघतंय. तो कोणाक तरी सांगात."

"नको. पोर हुशार आहे म्हणून घेतील तर घेऊ देत. वशिल्याने नको."

"मगे बस," तो म्हणाला आणि दुसरा बांगडा घेतला.

लोकांना हा माझा ताठा वाटतो. वाटू दे. माझे वडील गवंडी. दुसऱ्यांच्या शाळा बांधल्या, स्वतः चौथीच्या पुढे गेले नाहीत. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.एस्सी. झालो, एक्स-रेचा कोर्स केला आणि त्या जोरावर इथल्या हॉस्पिटलात आलो. इथे यायचं म्हणजे डिग्रीवर मुंबईचा शिक्का, दिल्लीचा शिक्का, वकिलातीचा शिक्का. माझ्या डिग्रीची मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा भरगच्च आहे. ती मी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून अपिलासोबत न्यायला काढली.

"प्रवेश कुणाला हवाय, तिला की तुम्हाला?" बायकोने विचारलं.

"शाळा आईबापांचं शिक्षण बघतात."

"मग माझंपण बारावीचं सर्टिफिकेट घ्या. एकटे काय मिरवताय?"

अर्ज मी चार पानी लिहिला होता. तिने उभ्या उभ्या वाचला आणि परत दिला. "चांगला आहे. मुलगी तिसऱ्या पानावर येते."

मी तिला दुसऱ्या पानावर आणलं.

ठरलेल्या दिवशी ड्यूटीवरून येऊन, आंघोळ करून, लग्नातला कोट चढवून मी बायको आणि मुलीला घेऊन निघालो. बाहेर ऊन असं की कोटाची बटणं चटके देत होती. प्रिन्सिपल मॅडमच्या खोलीत मात्र गारवा होता. जाड निळे पडदे ओढलेले, टेबलावर दिवा, भिंतीत जुना एसी घरघरत होता. पहिली मुलाखत याच खोलीत झाली होती, असं मॅडम म्हणाल्या. केरळच्या होत्या, हिंदी सावकाश आणि स्वच्छ बोलायच्या.

मी सुरुवात केली. वडिलांपासून केली. मॅडमनी दोनदा बसायला सांगितलं. मी उभा राहूनच बोललो. मुलगी कोटाची बाही ओढत होती, तिकडे लक्ष दिलं नाही. बी.एस्सी.पर्यंत पोहोचलो तेव्हा मॅडमनी हात वर केला.

"आपण मुलीला विचारू या. बेटा, व्हॉट इज युअर नेम?"

मुलीचे ओठ हलले. आवाज काही नाही.

"विच कलर इज धिस?"

ओठ हलले. पुन्हा तेच.

"बघितलंत?" मॅडम म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं, हे जास्त लागलं. माझ्या डोळ्यांपुढे सहा पलंग आले.

"अगं, सांग की!" मी ओरडलोच. "घरी तर डोकं खातेस!"

मुलीने ओठांवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं तिची आई बघते.

"शूऽऽ! बाबा, हळू. कुणीतरी झोपलंय ना."

"कोण झोपलंय?"

"माहीत नाही," ती कुजबुजली. "पण झोपलंय."

बायकोने कपाळाला हात लावला. मी खुर्चीत बसलो.

आमचं घर म्हणजे शेअरिंगच्या फ्लॅटमधली एक खोली. मी रात्रपाळीचा, शेजारच्या खोलीतला गृहस्थही रात्रपाळीचा. सकाळी पडदे ओढले, एसी लागला की घरात मोठ्याने बोलायचं नाही. मुलगी रांगायची तेव्हापासून हे शिकली. चमचा पडला तरी ती स्वतःच "सॉरी" म्हणते, तेही कुजबुजत. पडदे ओढलेले आणि एसी चालू, म्हणजे कुणीतरी रात्रभर काम करून आलंय आणि झोपलंय. तिने त्या दिवशी सगळी उत्तरं दिली होती, कवितेसकट. फक्त झोपलेल्या माणसाचा मान ठेवून दिली होती.

हे मी मॅडमना मोडक्या हिंदीत सांगितलं. त्या मुलीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पडदा उघडा."

मी घाईत असा ओढला की दोन कड्या निखळल्या. ऊन थेट टेबलावर आलं. मुलीने वळून बघितलं, सोफ्याच्या मागे वाकून बघितलं.

"नोबडी इज स्लीपिंग!" ती म्हणाली, आणि ते अशा आवाजात की बाहेरच्या क्लार्कने दार उघडलं.

मग सुरू झाली. नाव, वय, रंग, फळं, हातवाऱ्यांसकट कविता. ते संपल्यावर कुणी न विचारलेलं. मम्मी मिक्सर ब्लँकेटमध्ये गुंडाळून चटणी वाटते. बाबा घोरतात, पण बाबांना कुणी शू म्हणत नाही. शेजारची आंटी बाथरूममध्ये फार वेळ लावते. आणि "बाबा काल आरशात तुमच्याशी बोलत होते. दोनदा रडले."

"एकदा," मी म्हणालो.

"व्हेरी गुड, बेटा. इनफ," मॅडम म्हणाल्या. मुलगी दुसऱ्या कवितेला लागली होती. "हिला थांबवायचं कसं?"

"पडदा ओढा," बायको म्हणाली.

मॅडम इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. माझ्या चार पानांवर, अगदी वरच्या कोपऱ्यात, त्यांनी "प्रवेश द्यावा" असं लिहून सही केली. वर्गाला मोठ्या खिडक्या आहेत, असंही सांगितलं. मी तेवढ्यात फोल्डर पुढे केला. आणली आहे तर बघावी. त्यांनी डिग्री दोन्ही बाजूंनी बघितली आणि "फर्स्ट क्लास" असं मोठ्याने वाचलं. मी आभार मानले.

घरी आल्यावर मी कोट काढत होतो, तर बायकोने पलंगाखालून निळी बॅग ओढली. मला ती बॅग तिथे आहे हे माहीत नव्हतं. तिने ती अर्धी भरून ठेवली होती: मुलीचे फ्रॉक, पावसाळी चपला, गावच्या लोकांना द्यायची साबणं.

"कधी भरलीस?"

"ईमेल आला त्या दिवशी. तुम्ही झोपल्यावर."

ती एकेक फ्रॉक बाहेर काढून, झटकून कपाटात ठेवायला लागली. आमच्या कपाटाचं दार उघडं राहत नाही, सोडलं की आपोआप लागतं. मी जाऊन ते धरून उभा राहिलो.

"झोपा आता, रात्री ड्यूटी आहे," ती म्हणाली.

"तुझं होऊ दे," मी म्हणालो.