आईला बंगळूरचं पाणी मानवलं नाही

आमच्या नात्यागोत्यात एक वाक्य ठरून गेलंय. लेक एवढी शिकलेली, बंगळूरला चांगल्या नोकरीत, मग आई शेवटपर्यंत निपाणीत एकटी का राहिली — असं कुणी विचारलं की लगेच उत्तर येतं. 'तिला बंगळूरचं पाणी मानवलं नाही.' आत्या म्हणते, मावशी म्हणते, गल्लीतले लोक म्हणतात. मीही म्हणते. नवऱ्याला हेच सांगितलं, मुलीलाही हेच. पाण्यात काही नव्हतं. हे आजपर्यंत मी कुणापाशी बोललेले नाही, आणि आता तुमच्यापाशी बोलतेय ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणूनच, बहुतेक.

एकदम मुद्द्यावर येता येत नाहीये. आधी आई सांगते.

आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. निपाणीतल्या निम्म्या बायका असायच्या. पाला कुटायचा, चाळायचा, काड्या निवडायच्या, नाकातोंडाला पदर बांधून दिवसभर त्या धुरळ्यात बसायचं. वडील मी चौथीत असताना गेले. मग ती आणि मी. चिमूटभर तंबाखू बोटांत चोळून ती सांगायची, हा माल कुठल्या शिवारातला आणि पाऊस लागलेला की कोरडा. वखारीचा मालकसुद्धा तिला बोलावून विचारायचा. आणि ती मशेरी लावायची. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, तिची पूड करायची आणि सकाळी ती बोटानं दातांना चोळत बसायचं. भूक मरते, पोटातला वारा जातो, डोकं शांत होतं, असं तिथल्या सगळ्या बायका म्हणतात. दात काळे होतात, ते कुणी बघत नाही. सगळ्यांचेच काळे.

तिनं मला शिकवलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली व्यक्ती मी. हे मी मान वर करून सांगते, आजही — त्यात लाजायचं काय? निपाणीत बी.ए. केलं आणि एम.ए.ला बंगळूर गाठलं. मानसशास्त्र. आई म्हणाली, "म्हंजी काय असतंय गं त्यात?"

"माणसं अशी का वागतात त्याचा अभ्यास."

"त्याला बंगळूरला कशाला जायाला पायजे? वखारीत ये की. आठ दिसात कळतंय."

शहाण्णव साली मला नोकरी लागली. बंगळूरबाहेर बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांमधून बायका पॅकिंगच्या कामाला असत. त्यांची तंबाखूची सवय सुटावी म्हणून एक संस्था काम करायची, तिथं. जे. पी. नगरात मागच्या बाजूच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. घरमालकीण पद्मक्का आमच्यातल्याच, म्हणजे मराठी, पण तीन पिढ्या बंगळूरात गेलेल्या. त्यांचं मराठी निम्मं कन्नडच होतं. आणि खोल्या मिळाल्या त्याच महिन्यात मी आईला वखारीतून उठवून आणलं. हे माझं लहानपणापासूनचं ठरलेलं होतं. तिचंही असावं. एक ट्रंक, एक घोंगडं आणि मशेरीची पत्र्याची डबी घेऊन ती आली. गॅसची शेगडी दहा वेळा चालू-बंद करून बघितली. फिल्टरची कॉफी तिनं आयुष्यात प्यायली नव्हती. पहिल्या दिवशी पेला-वाटी घेऊन पद्मक्कांसारखी उंचावरून ओतायला गेली नि निम्मी लुगड्यावर सांडली. किती हसलो आम्ही.

त्या दिवसांत ती सुखी होती. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय.

आता माझं सांगते. ऑफिसातल्या दोघीजणी एका रविवारी घरी आल्या. आई मागच्या धुण्याच्या दगडावर मशेरी लावत बसली होती. ती तशीच, काळ्या तोंडानं, हसत पुढं आली — "या की वं, बसा." त्यातली एक माझ्याकडे बघून नुसती हसली. तंबाखू सोडवणाऱ्या बाईची आई. आईच्या तब्येतीची काळजी मला नव्हती का? होती. तोंडाचे रोग काय असतात ते मी रोज तक्त्यांवर दाखवत होते. पण त्या रविवारी मनात पहिल्यांदा जे आलं ती काळजी नव्हती.

आमचं दर शनिवारी प्रशिक्षण असे. माणूस सवय कशी लावून घेतो आणि कशी सोडतो. तिथं शिकवलेली एक गोष्ट मी फार आवडीनं बायकांना सांगायचे: सोडणं एका दिवसात होत नाही, त्याला टप्पे असतात. कुणाच्या मनात अजून विचारच आलेला नसतो, कुणाच्या मनात अर्धा असतो, कुणी पाऊल उचललेलं असतं. ज्याच्या मनातच नाही त्याला 'सोड' म्हणू नका. आधी विचारा. ऐकून घ्या. बोम्मसंद्र्यात मी बायकांपुढं मांडी घालून बसायचे, तासतासभर ऐकायचे. चांगलं काम करायचे मी, खरंच.

आईला मी एकदाही विचारलं नाही. मशेरी कधी लागली, का लागली, सोडावीशी वाटते का — एकदाही नाही. का? आपल्या आईला काय विचारायचं, ते आपल्याला ठाऊकच असतं, असं वाटलं असेल. किंवा 'नाही' म्हणाली तर, अशी भीती. आज सांगता येत नाही.

दुसरा एक शनिवार. त्या दिवशीचा विषय होता नको असलेली गोष्ट आणि त्रास यांची सांगड. एखाद्या जनावरानं काही खाल्लं आणि मागोमाग पोट ढवळून निघालं, की ते जनावर पुन्हा त्या पदार्थाला तोंड लावत नाही. कधीकधी एका खेपेत शिकतं. माणसांवर हे असं करणं कसं चुकीचं आहे, तेही शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलं. सगळं सांगितलं. मी वहीत फक्त 'एका खेपेत' या शब्दांखाली रेघ मारली.

तुम्हाला आता कळलं असेल.

आयुर्वेदाच्या दुकानात उलटी होण्यासाठी एक पूड मिळते. वैद्य देतात ती, शरीरशुद्धीसाठी. मी ती आणली. मशेरीच्या डबीत मिसळणं शक्य नव्हतं — बोटांवर तंबाखू ओळखणारी बाई ती, परका एक कण तिनं लगेच ओळखला असता. म्हणून मी कॉफीत घातली. मशेरी लावून, चूळ भरून ती आत यायची आणि मी कॉफी द्यायचे. कॉफी कडूच असते. कडू किती असावी हे तिला कुठून कळणार? मागोमाग पोट ढवळेल आणि तिचं मन मशेरीला विटेल, असा माझा हिशेब.

पाच दिवस. पाच सकाळी मी माझ्या आईच्या हातात तो पेला दिला. ती दोन्ही हातांनी धरून प्यायची आणि म्हणायची, "झ्याक झालीया बघ." दुसऱ्या दिवशी मी कामावर निघताना मागच्या दारी पाणी ओतल्याचा आवाज आला. बराच वेळ. मला कळलं. मी थांबले का? नाही. बसमध्ये बसून वहीत तारीख घातली आणि लिहिलं — 'प्रतिसाद सुरू.' मला आनंद झाला होता. यात काही लपवत नाही.

सहाव्या दिवशी सकाळी आई आंघोळीला गेली असताना पद्मक्का दारात आल्या. "काय गं, तुझ्या अम्मांना रोज वांती होते. तुला गोत्तिल्ला? ठाऊक नाही?"

मी म्हटलं, "प्रवासाचं, जागा बदलली, त्याचं असेल."

"छे, कॉफीचंच आहे गं ते. त्यांना कॉफी पडत नाही. मी म्हटलं, सांगा की पोरीला, स्वल्प चहा कर म्हणून. तर नको म्हणतात. लेक भल्या पहाटे उठून एवढ्या मायेनं करते, तिला वाईट वाटेल, म्हणतात. तू गेलीस की सगळं ओकतात आणि मग ते काळं तोंडात घालून बसतात. त्यानं आत शांत होतं म्हणे. दिवसातनं चार-चार वेळा. सरी, बरं, मी सांगितलं म्हणून सांगू नकोस हं."

त्या गेल्या आणि मी पेला हातात धरून उभी राहिले.

तिचं मन मशेरीला का विटेल? तीस वर्षं जी रोज तोंडात होती, जिनं कधी दगा दिला नाही, तिच्यावर पोट का संशय घेईल? पोट नव्यावर संशय घेतं. नवी होती कॉफी. नवं होतं माझं घर. हेही त्याच शनिवारी सांगितलं होतं, मागाहून वही उघडली तेव्हा माझ्याच अक्षरात सापडलं. आणि मळमळ थांबवायला तिच्यापाशी एकच औषध होतं. म्हणजे मशेरी सुटायची सोडून मी ती दुप्पट केली. आणि ती — ती ते सगळं गिळत होती, मला वाईट वाटू नये म्हणून.

पूड मी त्याच सकाळी मोरीत ओतली. पण शरीर एकदा शिकलं की शिकलं. साधी कॉफी समोर धरली तरी तिच्या ओठांवर घाम यायचा. मग चहासुद्धा नको झाला. मग सकाळचं काहीच. पुढं पुढं माझ्या स्वयंपाकघरातून फोडणीचा वास आला तरी ती पदर नाकाला लावून मागच्या दारी जायची. डॉक्टरकडे नेलं. त्यांनी मला विचारलं, खाण्यापिण्यात काही वेगळं आलं का? मी म्हटलं, नाही. पाणी बदललंय फक्त. ते वाक्य तिथं जन्माला आलं, माझ्या तोंडून. डॉक्टरांनी मान हलवली, गोळ्या लिहिल्या. बाहेर आल्यावर आईनं ते दोनतीनदा स्वतःशी म्हणून बघितलं, पाणी बदललंय, पाणी — पाठ केल्यासारखं. सांगायला कारण मिळालं म्हणून तिला हायसं वाटलेलं दिसलं.

दीड महिन्यात ती निम्मी झाली आणि म्हणाली, मी जाते.

ती परत गेली ती वखारीतच. माझे पैसे घ्यायची, पण घरात बसून काय करू म्हणायची. आणखी सहा वर्षं त्याच धुरळ्यात बसली. त्यानं छातीचा त्रास सुरू झाला, त्यातच गेली. मी सुट्टीत जायचे तेव्हा चुलीपाशी मला बसू द्यायची नाही. "तू पावणी हाईस, बस" म्हणायची, आणि मी तिच्या हातचं जेवायचे. इकडे बोम्मसंद्र्यात बायका मला विचारायच्या, मॅडम, तुमच्या घरात कुणी खात होतं का हो? मी म्हणायचे, माझी आई लावायची. सुटली. कशी सुटली? प्रेमानं समजावलं, म्हणायचे मी. काहीजणींनी ते ऐकून खरंच सोडली. त्यांची नावं मला आठवतात.

इथं थांबले तरी चाललं असतं. पूड घातली, खोटं बोलले — एवढं सांगितलं की गोष्ट पुरी झाल्यासारखी वाटते. तरुण होते, अर्धवट शिकलेले होते, असंही कुणी म्हणेल. पण जे मला सांगायचं होतं ते हे नाही. ते बंगळूरच्या मॅजेस्टिक बसस्टँडवरचं आहे.

निपाणीची गाडी लागलेली होती. सकाळचे दहा वाजले असतील. तिला खिडकीपाशी बसवलं, ट्रंक सीटखाली सरकवली, पाण्याची बाटली दिली. मी खाली उतरून खिडकीखाली उभी राहिले. ती खिडकीच्या गजांना धरून वाकली आणि हळू आवाजात, शेजारच्या बाईला ऐकू जाऊ नये असं, बोलायला लागली.

"सुमे, राग धरू नगंस. तू किती हौसेनं आणलंस मला. चुलीपाशी जाऊ दिलं न्हाईस, हातात पेला दिलास. पर माझंच आतडं करंटं, त्याला सुख सोसंना. लोकं म्हनतील, लेकीनं सांबाळली न्हाई. मी सांगीन सगळ्यास्नी, तसं न्हाई म्हणून." तिचे डोळे भरले होते. "तुझ्या घरात ऱ्हायाची लई आस हुती गं मला. चुकलं माझं. माफ कर."

कंडक्टर अजून खाली पान खात उभा होता. गाडी सुटायला वेळ होता. एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो? 'आई, उतर. तुझं काही चुकलेलं नाही' — एवढंच. बाकीचं घरी जाऊन सांगता आलं असतं. ती भांडली असती, रडली असती, कदाचित मारलंही असतं मला. पण आतडं करंटं नाही, ते फसवलं गेलंय, हे तिला कळलं असतं. माझ्या हातावर नसला, तरी तिच्या स्वतःच्या देहावर तिचा विश्वास परत आला असता. हे सगळं मला त्या क्षणी, तिथं उभं असताना कळत होतं. नंतर सुचलेलं नाही.

मी म्हणाले, "असू दे आई. मनाला लावून घेऊ नकोस."

तिला बरं वाटलं. तिनं गजांतून हात बाहेर काढला, माझ्या गालावरून फिरवला आणि डोळे पुसले. कंडक्टरनं दार ओढून घेतलं. गाडी मागं सरकली, वळली, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत माझ्याकडे बघून मान हलवत होती — माफ केल्याबद्दल.